लॅमिनेटची फरशी : वरचा डाग आणि सांध्यातले पाणी

नव्या सदनिकेची किंवा दुकानाची सजावट ठरत असताना सुताराच्या अंदाजपत्रकात अलीकडे एक ओळ हमखास आढळते : ‘वुडन फ्लोरिंग, इतके चौरस फूट, इतका दर.’ कल्याण-डोंबिवलीच्या नव्या इमारतींत ती आढळते, तशी टिटवाळा ओलांडून खडवली-वाशिंदच्या बाजूला बांधलेल्या बंगल्यांतही आढळते. ओळ छोटी असते, पण तिच्यातील पहिलाच शब्द दिशाभूल करणारा आहे. त्या दरात बहुतेक वेळा लाकूड येतच नाही. येते ते लॅमिनेट. ग्राहक लाकूड समजून ते घेतो, फरशी समजून धुतो, आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या की सुताराला बोल लावतो. दोष कधी सुताराचा असतोही; परंतु पुष्कळदा वस्तू काय आहे हेच घरात कोणाला ठाऊक नसते.

लॅमिनेटची पट्टी साधारणपणे ७ ते १२ मिलिमीटर जाडीची असते. तिचा मुख्य भाग म्हणजे लाकडाचा बारीक तंतू राळेत मिसळून, प्रचंड उष्णता आणि दाब देऊन बनवलेला दाट बोर्ड. बाजारात त्याला एचडीएफ म्हणतात. या बोर्डावर सागाचे, अक्रोडाचे किंवा ओकचे छायाचित्र छापलेला कागद असतो. आपण ज्याला ‘लाकडाचे सुंदर रेषाकाम’ म्हणतो ते हेच चित्र. कागदावर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर असतो आणि त्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. म्हणजेच कुरुंद. जवाहिऱ्यांच्या घरात हे सांगायला नको की माणिक आणि नीलम हेही त्याच द्रव्याचे स्फटिक होत. चपलांची घासाघीस लॅमिनेट वर्षानुवर्षे सोसते ते या कणांच्या बळावर.

हे तंत्र मूळचे स्वीडनचे. पेरस्टोर्प या कंपनीने १९७७ साली ते विकसित केले आणि १९८४ पासून ‘पर्गो’ या नावाने ते युरोपच्या बाजारात आले. आरंभी पट्ट्यांचे सांधे डिंक लावून जोडावे लागत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकमेकींत अडकणाऱ्या खाचांच्या पट्ट्या निघाल्या, आणि तेव्हापासून एका दिवसात अख्खी खोली बसवून देणे शक्य झाले. ही सोय मोठी खरी. पण डिंकाने बंद होणारा सांधा त्याच वेळी उघडा झाला. आजही मध्यम दराच्या मालात खाचेच्या आत कच्चा बोर्ड असतो. वर कुरुंदाचे कवच आणि कडेला उघडा तंतू, अशी ही वस्तू आहे. डागाचा प्रश्न कवचावर येतो, पाण्याचा प्रश्न कडेवर येतो. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की डाग घालवण्याच्या भरात फरशीच जाते.

प्रथम डागाविषयी. मेलामाइनचा थर सच्छिद्र नसल्यामुळे त्यावर सांडलेला पदार्थ आत मुरत नाही, वरच बसतो. त्यामुळे घाई करून घासण्याची गरज नसते. घाई करायची ती टिपून घेण्याची. सांडलेले द्रव कोरड्या सुती फडक्याने बाहेरून आत असे टिपावे, म्हणजे ते पसरून सांध्यापर्यंत जात नाही. मग पिळून काढलेल्या फडक्यावर भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एखादा थेंब घेऊन पुसावे, दुसऱ्या ओलसर फडक्याने साबण काढावा आणि तिसऱ्या कोरड्या फडक्याने जागा सुकवावी. चहा, वरण, लोणच्याचे तेल, तूप, सरबत यांपैकी बहुतेक डाग एवढ्यानेच जातात. साबण थेट फरशीवर ओतण्याची जी पद्धत घराघरांत आहे, ती येथे सोडून द्यावी लागते.

हळदीचा डाग मात्र गृहिणींना घाबरवतो, कारण त्याला साबण किंवा सोडा लागला की तो पिवळ्याचा लाल होतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी कृती ज्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व येथे दिसते : क्षारधर्मी पदार्थ लागला की हळदीचा रंग बदलतो. पांढऱ्या व्हिनेगरचे थोडे पाणी केलेले बोळे फिरवले की लाली उतरते, आणि उरलेला फिकट पिवळेपणा पुन्हा साबणाच्या ओलसर फडक्याने बराचसा जातो. राहिलाच तर उन्हात पडणाऱ्या जागी तो आपोआप विरतो. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही.

नखांचा रंग, बॉलपेनची शाई, दुकानातील शिक्क्याच्या पॅडची निळाई आणि मार्करच्या रेघा यांना पाणी दाद देत नाही. नखांच्या रंगासाठी कापसाच्या बोळ्यावर थोडे ॲसिटोन, म्हणजे दुकानात मिळणारे रिमूव्हर, आणि शाईसाठी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर पुरते. बोळा ओला असावा, गळता असू नये, आणि काम होताच त्या जागेवरून ओलसर फडके फिरवावे. आधी कपाटाखालच्या दिसणार नाही अशा कोपऱ्यात हे करून पाहणे शहाणपणाचे. दिव्याचे तूप थिजले किंवा मेणबत्तीचे मेण सांडले, तर ते कोमट असताना पुसू नये. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून ती वर ठेवावी आणि मेण कडक झाले की मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या कडेने अलगद उचलावे. बँकेने पाठवलेल्या जुन्या कार्डांचा याहून चांगला उपयोग सापडणे कठीण. सुरी, ब्लेड आणि तारेची घासणी यांनी मात्र कवचावर चरे पडतात, आणि चऱ्यात साचलेली धूळ पुढे कायमच्या डागासारखी दिसते.

गॅसच्या टाकीच्या बुडाचे गंजाचे कडे हा आपल्याकडचा खास डाग आहे. स्वयंपाकघरात लॅमिनेट घालणे मुळातच बरे नव्हे. परंतु घातलेच असेल तर टाकी चाकांच्या प्लास्टिक गाड्यावर ठेवावी. गंज लागलाच तर लिंबाच्या रसाचे फडके पाचेक मिनिटे नुसते ठेवून पुसून घ्यावे. मीठ घालून घासू नये. टाइल्स उजळवण्याचे ॲसिड तर घराच्या या भागात आणूच नये. ते मेलामाइनची चमक खाते आणि सांध्यात उतरले तर बोर्डही खाते.

पुष्कळ घरांत ‘फरशी पांढुरकी पडली’ अशी तक्रार असते. तो डाग नसतो. तो रोजच्या फिनेलचा आणि साबणाचा न निघालेला थर असतो. अर्धी बादली पाण्यात पाव वाटी पांढरे व्हिनेगर घालून, त्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने एकदा पुसले की तो उतरतो. पॉलिश आणि मेण या फरशीला लागत नाही, कारण मुरायला जागाच नाही. ते वर चिकटून राहते आणि धूळ धरते. वाफेवर चालणारे पुसणे तर याहून वाईट. वाफ म्हणजे दाबाखालचे पाणीच, आणि ते सांध्यात शिरायलाच निघालेले असते.

एवढे झाल्यावर खऱ्या शत्रूकडे वळावे लागते. तो डाग नव्हे, बादली आहे. शहाबादी फरशीवर वाढलेल्या पिढीच्या हातात फडके येते ते पाणी निथळत असलेले. त्याशिवाय घर पुसल्यासारखे वाटतच नाही. गुलबर्गा भागातून येणारा शहाबाद, राजस्थानातला कोटा किंवा आंध्रातला कडप्पा या दगडांना त्याने काही होत नव्हते. लॅमिनेटवर मात्र रोज सकाळी पसरलेल्या त्या पातळ पाण्यातले थोडे थोडे प्रत्येक सांध्यात उतरते. एका दिवसात काही दिसत नाही. वर्ष-दोन वर्षांत प्रत्येक पट्टीच्या कडेला बोटाला जाणवेल असा उंचवटा येतो आणि मग त्या उंचवट्यावरच चपलांची घासाघीस होऊन चित्राचा कागद झिजतो. फडके एवढे पिळलेले असावे की पुसल्यानंतर जागा पंख्याविना मिनिटभरात कोरडी व्हावी. ही कसोटी घरकामाला येणाऱ्या बाईंना एकदा करून दाखवली, तर पुढचे हजारो रुपये वाचतात. सांगून हे समजत नाही, दाखवावे लागते.

जैन घरांत याखेरीज एक विशेष बाब असते. उकळलेले पाणी थंड करण्यासाठी परातींत काढून जमिनीवर ठेवण्याचा परिपाठ अनेक घरांत, विशेषतः चातुर्मासात, नेमाने पाळला जातो. गरम परातीच्या बुडाखाली वाफेचा ओलावा धरतो, उचलताना पाणी हिंदकळते, आणि नेमक्या त्याच चार-पाच पट्ट्या पुढे फुगतात. पराती लाकडी पाटावर किंवा तिवईवर ठेवल्या की प्रश्न मिटतो. दुसरे असे की सांध्याखाली अडकलेल्या ओलीत बुरशी धरते, फोमखाली किडे होतात, आणि मग फरशी उचलून जी साफसफाई करावी लागते ती जीवदया पाळणाऱ्या घराला जड जाते. ज्या घरात पाणी गाळताना जयणा पाळली जाते, त्या घरात पाणी पुसतानाही ती पाळणे कठीण नाही.

लपलेली गळती ही आणखी अवघड गोष्ट. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची बारीक नळी, फ्रिजच्या मागचा ट्रे, वातानुकूलन यंत्राचा निचऱ्याचा पाइप, बाल्कनीच्या सरकत्या दाराची खाच, आणि तुळशीच्या किंवा शोभेच्या कुंडीखालची बशी : पाणी येते ते बहुधा या पाच वाटांनी. फरशीवर थारोळे दिसत नाही, कारण पाणी कडेच्या फटीतून थेट खाली जाते. सांध्याची रेघ काळसर दिसू लागणे, पाय पडला की पचपच आवाज येणे, पट्टी पोकळ वाजणे, बंद खोली उघडल्यावर कुबट वास येणे, ही त्याची लक्षणे. असे काही जाणवले तर ‘सुकेल’ म्हणून वाट पाहण्यात अर्थ नसतो, कारण खालचे पाणी वरून सुकत नाही. वर मेलामाइन, खाली फोम. बाहेर पडायला त्याला वाटच नसते.

पाणी लागल्यावर बोर्ड फुगतो आणि सुकल्यावर पूर्वीसारखा का होत नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. बोर्ड बनवताना तंतू दाबाने चपटे केलेले असतात आणि राळेने त्यांना त्या अवस्थेत धरून ठेवलेले असते. पाणी शिरले की तंतू आपला मूळ आकार घेऊ पाहतात आणि राळेची पकड सुटते. पुढे पाणी उडून जाते. सुटलेली पकड परत बसत नाही. अस्सल लाकडाची फळी फुगली तर रंधा मारता येतो. येथे रंधा मारला तर पहिल्याच फेरीत चित्र निघून जाते. ‘ईएन १३३२९’ या युरोपीय प्रमाणात पट्टीचा तुकडा २४ तास पाण्यात ठेवून किती फुगतो ते मोजतात, आणि घरगुती मालाला १८ टक्क्यांपर्यंत फुगणे क्षम्य धरलेले आहे. ८ मिलिमीटरच्या पट्टीत १८ टक्के म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटर. प्रमाणपत्र मिळालेला मालसुद्धा फुगतो, एवढे यावरून ध्यानात यावे. दुकानदार ज्या ‘एसी-३’, ‘एसी-४’ या श्रेणी अभिमानाने सांगतो, त्या घर्षण सोसण्याच्या आहेत. पाण्याविषयी त्या काही सांगत नाहीत. ‘चोवीस तास वॉटर रेझिस्टंट’ ही शिक्क्यावरची ग्वाहीदेखील सहसा वरून सांडलेल्या पाण्यापुरती असते. पुराचे पाणी, खालून येणारी ओल आणि गळती यांना हमीपत्राच्या बारीक अक्षरांत बहुधा वगळलेले असते.

स्वच्छ पाणी सांडून ते खाली गेल्याची खात्री असेल, तर पहिल्या काही तासांत बरेच वाचवता येते. पाण्याचा स्रोत बंद करावा, भिंतीकडेची स्कर्टिंगची पट्टी काढावी. तिच्यामागे ८ ते १० मिलिमीटरची फट असते. फरशीला ऋतुमानाप्रमाणे प्रसरण पावण्यासाठी ती ठेवलेली असते आणि हवा जाण्याची वाटही तीच. खाचेच्या सांध्याच्या पट्ट्या सर्वांत जवळच्या भिंतीपासून क्रमाने सुटतात. म्हणून कारागिराने ओल्या जागेपर्यंत पट्ट्या काढून प्रत्येकीच्या मागे क्रमांक लिहावा. ओला फोम टाकून द्यावा, तो सुकवण्यात वेळ घालवू नये. पट्ट्या सपाट जागेवर, मध्ये बारीक काड्या ठेवून, एकीवर एक रचाव्यात आणि वर वजन ठेवून पंख्याखाली सुकवाव्यात. उन्हात ठेवल्या तर वाकतात. जुलै-ऑगस्टच्या हवेत नुसता पंखा कमी पडतो. वातानुकूलन यंत्र असल्यास ते ‘ड्राय’वर चालवावे.

खालची कोबा किंवा जुनी टाइल सुकली की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी सोपी परीक्षा आहे. दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून सोळा तास ठेवावा. आतल्या बाजूला दव धरले, किंवा खालची जागा गडद झाली, तर जमीन अजून ओली आहे. ही परीक्षा उतरल्याखेरीज पट्ट्या परत बसवणे म्हणजे ओल आत कोंडणे होय. घाई असते ती सणाची किंवा दुकान उघडण्याची. परंतु आठवडाभर उघडी जमीन पाहणे हे वर्षभराने पुन्हा सर्व उचलण्यापेक्षा स्वस्त पडते.

हे सगळे झाले स्वच्छ पाण्याविषयी. खडवलीसारख्या ठिकाणी आणखी एका पाण्याचा विचार करावा लागतो. कल्याण-कसारा मार्गावरील हे स्थानक भातसा नदीच्या काठी आहे. या नदीवर वर शहापूर तालुक्यात धरण आहे आणि मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग तेथून येतो. उन्हाळ्यात नदीचे पात्र पाहून कोणालाही तिची भीती वाटणार नाही. सुटीच्या दिवशी सहलीला येणाऱ्यांना तर मुळीच नाही. परंतु ४ ऑगस्ट २०१९ रोजी, अतिवृष्टीच्या त्या आठवड्यात, खडवलीजवळील जू नांदखुरी येथे घराच्या छपरांवर आश्रय घेतलेल्या ५८ ग्रामस्थांना वायुदलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरने उचलून आणावे लागले. २६ जुलै २००५ चा कल्याण परिसरातील पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. जेथे माणसे छपरावर जातात, तेथे तळमजल्याच्या फरशीची गोष्ट करणे क्षुल्लक वाटेल. पण पाणी ओसरल्यावर त्याच घरात परत राहायचे असते, आणि तेव्हा पहिला निर्णय पायाखालचाच असतो.

पुराचे पाणी लागलेली लॅमिनेटची फरशी वाचवू नये. ती वाचत नाही, हा एक भाग; त्याहून महत्त्वाचे हे की त्या पाण्यात गटाराचे पाणी, जनावरांचे मलमूत्र, शेतातली औषधे आणि गाळ असतो, आणि तो फोमखाली साचून राहतो. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या साध्या जखमेतूनही शिरतो. म्हणून उचलण्याचे काम गमबूट आणि हातमोजे घालूनच करावे, आणि त्याआधी घराचा मुख्य वीजपुरवठा बंद असल्याची खात्री करावी. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. वरून फरशी ठीक दिसते म्हणून ती तशीच राहू देणारे कुटुंब पुढे महिनोन् महिने खोकल्याचे औषध घेत राहते आणि कारण शोधत राहते. सर्व पट्ट्या, फोम आणि स्कर्टिंग काढावे, जमीन धुऊन निर्जंतुक करावी, आणि मोकळी ठेवावी.

मात्र टाकून देण्यापूर्वी एक काम करायचे असते, आणि व्यापारी घरे नेमकी तेथेच चुकतात. प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत, भिंतीवरील पाण्याच्या रेषेशेजारी मोजपट्टी धरून काढावीत, फुगलेल्या दोन-तीन पट्ट्या राखून ठेवाव्यात, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत किंवा त्याची लेखी संमती मिळेपर्यंत ढीग आवारातच राहू द्यावा. कर्जासाठी बँकेने उतरवायला लावलेला विमा बहुधा तारण मालाचा असतो. गोदामातील कापड किंवा किराणा त्यात असतो. दुकानाची सजावट, लाकडी मांडणी आणि फरशी नसते. पॉलिसी कपाटात आहे म्हणजे सर्व सुरक्षित आहे, अशी समजूत करून घेतलेली असते, आणि पूर ओसरल्यावर प्रथमच ती वाचली जाते.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने प्रमाणित पॉलिसी सुरू केल्या आहेत. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि एका ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंत मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. दोन्हींत पूर आणि जलमय होणे ही जोखीम धरलेली आहे. पाण्याच्या टाक्या व नळ फुटून किंवा भरून वाहिल्याने होणारे नुकसानही धरलेले आहे. गृह रक्षेत इमारतीचा विमा घेतला तर त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सामान आपोआप समाविष्ट होते. फरशी इमारतीत मोडते की सामानात, यावर नंतर वाद नको असेल, तर प्रस्ताव भरतानाच तिचा खर्च इमारतीच्या किमतीत धरून तसे लेखी नोंदवून घ्यावे आणि सुताराचे पक्के बिल जपावे. बिलाविना रोखीने केलेली सजावट दाव्याच्या वेळी नसल्यासारखीच असते. महिनोन् महिने झिरपणाऱ्या पाण्याचे नुकसान मात्र सहसा दाव्यात बसत नाही. विमा अकस्मात घडलेल्या घटनेचा असतो, दुर्लक्षाचा नव्हे. सोसायटीचा विमा असल्यास तो बहुतेकदा इमारतीच्या सांगाड्यापुरता असतो, हेही तपासून घ्यावे.

नदीपासून जवळ असलेल्या तळमजल्यावर पुन्हा लॅमिनेटच घालावे काय? दुकान असो वा घर, येथे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असेच आहे. लाकडाचे रूप हवेच असेल तर दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांपासून बनवलेल्या, एसपीसी नावाने मिळणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात. त्याही खालून पाणी शिरल्यावर उचलाव्या लागतात, पण त्या फुगत नाहीत. धुऊन, सुकवून परत बसतात. लाकडाच्या रेषांच्या टाइल्स आता चांगल्या मिळतात. आणि जुन्या घरात शहाबादी असेल, तर ती झाकण्याआधी दोनदा विचार करावा. घासून चकचकीत केलेली शहाबादी कोणत्याही दुकानाला कमीपणा आणत नाही. वरच्या मजल्यांवर, झोपण्याच्या खोल्यांत, बैठकीत लॅमिनेट खुशाल घालावे. पायाला ते उबदार असते आणि योग्य जागी पंधरा-वीस वर्षे सहज सोबत करते.

खडवली परिसरातील सुटीचे बंगले हा वेगळा प्रकार. मालक मुंबईत किंवा कल्याणात. जून ते सप्टेंबर घर बंद. पूर येत नाही, नळ गळत नाही, तरी दिवाळीला कुलूप काढल्यावर फरशी मधोमध डोंगरासारखी उठलेली दिसते. पावसाळ्यात नदीकाठी जमिनीखालचे पाणी वर येते आणि कोब्यातून ओल चढते. बंद खोलीतली दमट हवा उरलेले काम करते. पट्ट्या पसरतात आणि भिंतीकडे फट ठेवलेली नसेल तर वर उठण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. म्हणून बसवतानाच फोमखाली २०० मायक्रॉन जाडीचा पॉलिथिनचा सलग कागद घालून घ्यावा. त्याचे जोड वीतभर एकमेकांवर चढवून चिकटपट्टीने बंद करावेत आणि कडा स्कर्टिंगच्या मागे थोड्या वर घ्याव्यात. सुतार हा खर्च वाचवून देण्याची तयारी आनंदाने दाखवतो; ती सवलत घेऊ नये. कडेची फट डोळ्यांसमोर मोजून घ्यावी. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा कोणी घर उघडून, खिडक्या लावून पंखे दिवसभर चालवील अशी व्यवस्था असावी, आणि गालिचा किंवा रबरी पायपुसणे फरशीवर अंथरून जाऊ नये. त्याखाली ओल कोंडते आणि रबराचा पिवळा डाग पडतो, जो कोणत्याही बोळ्याने निघत नाही.

अखेरीस एक खरेदीची सूचना. लॅमिनेटचे नक्षीकाम दर एक-दोन वर्षांनी बदलते आणि जुना नमुना मागाहून मिळत नाही. दहा पट्ट्या फुगल्या म्हणून अख्खी खोली बदलावी लागते ती यामुळेच. बसवणीच्या वेळी एक पूर्ण खोके जास्त घ्यावे, त्यावरचा नमुन्याचा आणि उत्पादनाच्या घाण्याचा क्रमांक बिलाच्या मागे उतरवून ठेवावा, आणि खोके उभे न ठेवता आडवे, कोरड्या माळ्यावर ठेवावे. खोके घेतलेले नसेल तर मोठ्या कपाटाखालच्या किंवा पलंगाखालच्या पट्ट्या काढून पुढच्या दर्शनी जागी बसवता येतात आणि फुगलेल्यांपैकी बऱ्या त्यातल्या त्यात मागे जातात. कुशल कारागीर हे अर्ध्या दिवसात करून देतो.